आर्द्रा कधी फुटणार? मोठ्या ताऱ्यांच्या म्हातारपणाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्यात आम्ही हिवाळ्यात हुरड्याच्या दिवसांत शेतावर आणि उन्हाळ्यात गावातल्या माळवदांवर आकाशदर्शन घेतो. कार्यक्रम संपतो, प्रश्न संपत नाहीत. दुसऱ्या दिवसापासून मोबाइलवर यायला लागतात. कुणी कॉलेजची पोरगी असते, कुणी रात्री हरभऱ्याला पाणी द्यायला गेलेला शेतकरी असतो. तेच ते प्रश्न पुन्हा लिहून बोटं दुखायला लागली, म्हणून इथं एकत्र केले. सोप्यापासून सुरुवात आहे, पुढंपुढं गुंता वाढत जातो. एकाचं उत्तर दुसरीकडं आलं असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. "मोठा तारा" म्हणजे नेमका किती मोठा?

इथं मोठा म्हणजे आकारानं मोठा नाही, वजनानं मोठा. ताऱ्याचं पुढं काय होणार हे जवळपास सगळं त्याच्यात जन्मताना किती माल होता त्यावर ठरतं. आपल्या सूर्याच्या साधारण आठपट किंवा त्याहून जास्त वस्तुमान असेल, तर तो या पानावरचा, म्हणजे शेवटी फुटणारा तारा. त्याहून हलके शांतपणे विझतात.

आकाराला फसू नका. रोहिणी सूर्याच्या चाळीसपटीहून जास्त रुंद आहे, पण वजनात सूर्यापेक्षा थोडीच भारी. नुसती फुगलेली आहे.

२. जास्त इंधन असलेला तारा जास्त जगायला पाहिजे ना?

उलट होतं. एखाद्याकडं दहापट जमीन आहे, पण घरखर्च तीन हजारपट आहे, तर वाडा विकायची वेळ कुणावर आधी येईल? ताऱ्यांचं तसंच आहे. वजन जास्त म्हणजे गाभ्यावर दाब जास्त, दाब जास्त म्हणजे तापमान जास्त, आणि तापमान थोडं वाढलं तरी इंधन जळायचा वेग भलताच वाढतो. दहा सूर्यांइतका माल असलेला तारा काही हजार सूर्यांइतका उजेड देतो.

म्हणून सूर्याचं आयुष्य सुमारे १,००० कोटी वर्षांचं, दहापट भारी ताऱ्याचं दोन-तीन कोटी वर्षांचं आणि पंचवीसपट भाऱ्याचं सत्तर लाखांच्या आसपास. डायनासोर संपून साडेसहा कोटी वर्षं झाली. मृगातला तांबूस तारा, म्हणजे आज आपण जी आर्द्रा बघतो, ती तेव्हा जन्मलीही नव्हती.

३. आमच्या भागातून असे तारे दिसतात का? दुर्बीण घ्यावी लागेल का?

दुर्बीण नको. गावाबाहेर या, हायमास्ट दिव्याकडं पाठ करा, पंधरा मिनिटं डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या. तेवढ्या वेळात मोबाइल मात्र बघायचा नाही.

जानेवारी-फेब्रुवारीत रात्री आठ-नऊला दक्षिणेकडं तोंड करून वर बघा. मृगाचा चौकोन आणि त्याच्या पोटात तीन ताऱ्यांचा बाण दिसेल. चौकोनाचा डावीकडचा वरचा तांबूस तारा म्हणजे काक्षी, आपली आर्द्रा. त्याच्या तिरप्या समोरचा, उजवीकडं खालचा निळसर-पांढरा तो राजन्य. दोघंही महाराक्षसी (वजनानं भारी आणि प्रचंड फुगलेले) तारे, दोघंही फुटणाऱ्यांच्या यादीत. एकाच चौकटीत एक तांबडा आणि एक निळा इतका सोयीचा धडा आकाशात दुसरीकडं नाही.

एप्रिल-मे महिन्यात चित्रा बघा. ती खरी जोडी आहे आणि त्यातला मोठा तारा सूर्याच्या सुमारे अकरापट आहे. अंतर जेमतेम २५० प्रकाशवर्षं (प्रकाश वर्षभरात जेवढा पल्ला गाठतो ते एक प्रकाशवर्ष). जून-जुलैत रात्री नऊ-दहाला दक्षिणेला वृश्चिकाच्या काळजाशी ज्येष्ठा असते, तीही तांबडी महाराक्षसी. पावसाळा संपला की डोक्यावर हंस येतो, त्याच्या शेपटाजवळचा हंसपुच्छ हाही याच कुळातला.

४. सात जूनला मृग निघतं म्हणतात. मग त्या वेळी आकाशात मृग का सापडत नाही?

हा प्रश्न मला दर वर्षी पेरणीच्या तोंडावर हमखास येतो. "मृग निघालं" याचा अर्थ सूर्य आकाशातल्या मृगाच्या पट्ट्यात शिरला. म्हणजे ते तारे सूर्याच्या बाजूला, दिवसा आपल्या डोक्यावर असतात आणि सूर्यासोबतच मावळतात. दिसणार कसे? पुढं २१-२२ जूनला सूर्य आर्द्रात जातो, तेव्हाही तेच. सहा महिने थांबा. ज्वारी हुरड्यावर आली की हेच मृग संध्याकाळी पूर्वेला उगवलेलं दिसतं.

५. म्हातारा तारा लाल का होतो? लाल म्हणजे विझत आला का?

लोहाराच्या भट्टीत लोखंड घातलं की आधी मंद लाल होतं, भाता जोरात चालवला की नारिंगी, मग पिवळं, मग पांढरं. म्हणजे लाल हा त्यातल्या त्यात थंड रंग. आर्द्रेचा पृष्ठभाग साडेतीन हजार अंशांच्या आतबाहेर आहे. सूर्याचा साडेपाच हजार, राजन्याचा बारा हजारांच्या घरात.

पण विझत आला म्हणाल तर नाही. गाभ्यातला हायड्रोजन संपला की गाभा स्वतःच्या भारानं आकसतो आणि आणखी तापतो. त्याच्या भोवतीच्या थरातला हायड्रोजन आता पेटतो. त्या धगीनं बाहेरचं अंग फुगत जातं. फुगलं की पसरतं, पसरलं की थंडावतं, म्हणून तांबडं दिसतं. आत भट्टी पहिल्यापेक्षा जोरात आणि बाहेर अंग गार, असा हा प्रकार. आर्द्रेला सूर्याच्या जागी ठेवलं तर बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ सगळे तिच्या पोटात जातील. आणि एवढी फुगल्यामुळं तिचा बाहेरचा थर आपल्या हवेपेक्षाही विरळ आहे. एकूण उजेड मात्र सूर्याच्या लाखपटीच्या आसपास.

६. रोहिणी तांबूस, स्वाती तांबूस, ज्येष्ठाही तांबूस. सगळ्या फुटणार का?

रोहिणी आणि स्वाती या सूर्याच्याच वजनाच्या, वयानं फुगलेल्या. त्यांचा शेवट सूर्यासारखा होईल. बाहेरचं अंग हळूहळू उधळेल आणि पृथ्वीएवढा श्वेतबटू, म्हणजे मेलेला उघडा गाभा, मागं राहील. ज्येष्ठेचं वजन सूर्याच्या दहापटीच्या वर, ती फुटणार. रंगावरून वय कळतं, नशीब कळत नाही.

जाता जाता एक कबुली. एका उन्हाळ्यात मी स्वतः साठ-सत्तर पोरांना वृश्चिकातला मंगळ दाखवून "ही ज्येष्ठा, मरायला टेकलेला तारा" असं ठासून सांगितलं. सातवीतली एक पोरगी म्हणाली, "सर, मग खाली अजून एक लाल आहे ती कोण?" ग्रीकांनी ज्येष्ठेला दिलेल्या नावाचा अर्थच मुळी मंगळाचा प्रतिस्पर्धी असा आहे, हे मला तेव्हा आठवलं. लुकलुकते ती ज्येष्ठा, स्थिर दिसतो तो मंगळ. साठ-सत्तर पोरांच्या घरी चूक पोचली, ती दुरुस्त करायला दुसरा कार्यक्रम घ्यावा लागला.

७. ताऱ्याच्या पोटात नेमकं काय चाललेलं असतं?

कांदा आडवा कापून बघा. मरायला आलेल्या मोठ्या ताऱ्याचं पोट तसं असतं, थरावर थर. सगळ्यात बाहेर हायड्रोजन, त्याखाली हेलियम, मग कार्बन, निऑन, ऑक्सिजन, सिलिकॉन आणि मध्यभागी लोखंडाचा गड्डा.

हे असं होतं कारण प्रत्येक इंधनाची राख हेच पुढचं इंधन असतं. हायड्रोजन जळून हेलियम साचतो. गाभा आकसून दहा-वीस कोटी अंशांपर्यंत तापला की तो हेलियम पेटतो आणि कार्बन-ऑक्सिजन तयार होतात. मग आणखी आकसायचं, आणखी तापायचं, कार्बन पेटवायचा. सूर्यासारख्या ताऱ्याला इतकं तापणं झेपत नाही, म्हणून तो कार्बनपाशीच थांबतो. वजनदार तारा पुढं जातो.

खरी गंमत वेळेची आहे. सूर्याच्या पंचवीसपट ताऱ्याचा हिशेब साधारण असा निघतो: हायड्रोजन सत्तर लाख वर्षं पुरतो, हेलियम पाच-सात लाख, कार्बन सुमारे सहाशे वर्षं, निऑन एक वर्ष, ऑक्सिजन सहा महिने. आणि सिलिकॉन एक दिवस. आज सकाळी पेटला, उद्या सकाळी संपला.

एवढी घाई का? एक तर पुढच्या प्रत्येक इंधनातून मिळकत कमी कमी होत जाते. दुसरं म्हणजे कार्बनपासून पुढं गाभा इतका तापतो की ऊर्जा उजेडाच्या रूपात नाही, तर न्यूट्रिनो नावाच्या कणांच्या रूपात बाहेर पळते. उजेडाला गाभ्यातून वर यायला हजारो वर्षं लागतात, न्यूट्रिनो कशालाही न अडता सरळ निघून जातात. हौदाला भोक पडल्यासारखं होतं, कितीही भरा, टिकत नाही.

८. लोखंडावरच गाडी का अडते? तेही जाळता येईल की.

छोटी अणुकेंद्रं एकत्र जोडली की ऊर्जा सुटते, मोठी फोडली की सुटते. दोन्ही बाजूंनी उतार आहे आणि उताराच्या तळाशी लोखंड-निकेलची मंडळी बसलेली आहेत. तिथून जोडायला गेलं तरी पदरची ऊर्जा घालावी लागते, फोडायला गेलं तरी घालावी लागते. लोखंड म्हणजे ताऱ्याची शेवटची राख. ती पेटत नाही.

बारकाई हवी असेल तर, सिलिकॉन जळून मुख्यतः निकेलचा एक किरणोत्सारी प्रकार तयार होतो आणि लोखंडाच्या जवळपासची मूलद्रव्यं. सोयीसाठी सगळे त्याला "लोखंडाचा गाभा" म्हणतात, आम्हीही इथं तेच म्हणतो.

९. तारा आत कोसळतो म्हणता, मग तो बाहेर फुटतो कसा?

सगळ्यात जास्त गोंधळ इथं आहे.

लोखंडाचा गाभा आकारानं साधारण पृथ्वीएवढा, वजनानं सूर्याच्या दीडपटीच्या आसपास. त्यात आग नाही, तो फक्त इलेक्ट्रॉनांच्या दाबावर उभा आहे. वर सिलिकॉनची राख पडत राहते, वजन वाढत जातं. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी १९३० साली बोटीनं इंग्लंडला जाताना, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, ज्या मर्यादेचं गणित मांडलं ती मर्यादा इथं आड येते. ती ओलांडली की गाभा उभा राहू शकत नाही. त्याच वेळी आतले प्रखर किरण लोखंडाची केंद्रं फोडायला लागतात आणि प्रोटॉन इलेक्ट्रॉनांना गिळून न्यूट्रॉन होतात. खांबच नाहीसे होतात.

मग गाभा ढासळतो. कच्च्या विहिरीची कडा धसते तसा, पण प्रकाशाच्या वेगाच्या जवळजवळ चौथ्या हिश्श्यानं. पृथ्वीएवढा गोळा एका सेकंदाच्या आत काही दहा किलोमीटरांवर येतो.

आता लोहाराकडं परत या. ऐरणीवर घण आपटला की तो उसळतो. गाभ्यातला माल अणुकेंद्राइतका घट्ट झाला की पुढं दबत नाही, तीच ऐरण. वरून येणारे थर तिच्यावर आपटतात आणि धक्का उलटा बाहेर निघतो. बरीच वर्षं लोक गोष्ट इथं संपवायचे. संगणकावर गणित मांडल्यावर लक्षात आलं की हा धक्का वाटेतच दमतो. त्याला पुन्हा ढकलतात ते न्यूट्रिनो. ढासळणीतून सुटलेल्या ऊर्जेचा ९९ टक्के भाग न्यूट्रिनो घेऊन जातात, सूर्य आख्ख्या आयुष्यात देईल त्याच्या शंभरपटीहून जास्त. त्यातला थोडासा अंश जरी अडकला तरी दमलेला धक्का पुन्हा पेटतो आणि काही तासांनी तो ताऱ्याच्या कातडीपर्यंत पोचतो. तेव्हा आपल्याला उजेड दिसतो. हाच अतिनवतारा. त्याच्या उजेडात संपलेली ऊर्जा एकूण हिशेबात चिल्लर असते, तरीही तो महिनोन् महिने दीर्घिकेतल्या (आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या बेटातल्या) अब्जावधी ताऱ्यांच्या तोडीस तोड चमकतो.

१०. आर्द्रा कधी फुटणार? व्हॉट्सॲपवर "येत्या महिन्यात" असं आलंय.

नाही. असले फॉरवर्ड मृगाच्या किड्यांसारखे ठराविक हंगामात निघतात.

अभ्यासकांच्या गणितानुसार आर्द्रेच्या गाभ्यात अजून हेलियम जळतो आहे. सातव्या उत्तरातला हिशेब बघितला तर ही अवस्था लाखो वर्षांची. म्हणून "पुढच्या साधारण एक लाख वर्षांत केव्हातरी" हेच प्रामाणिक उत्तर. तुमच्या-माझ्या हयातीत होण्याची शक्यता फार म्हणजे फार कमी.

एक अडचण मात्र खरी आहे. शेवटच्या काही शतकांत गाभ्यात काय घडतंय याची बातमी फुगलेल्या अंगाला वेळेवर पोचतच नाही. कार्बन पेटला तरी बाहेरून तारा बराचसा तसाच दिसेल. काही तारे फुटायच्या आधीच्या महिन्या-वर्षांत अंगावरचा माल जोरात टाकतात असं आढळलंय. मे २०२३ मध्ये एम १०१ या दीर्घिकेत जपानी हौशी निरीक्षक कोइची इतागाकी यांनी जो अतिनवतारा शोधला, त्याच्या भोवती असा ताजा टाकलेला माल सापडला. लडाखमधल्या हानले इथल्या आपल्या दुर्बिणींनीही त्याचा पाठलाग केला होता.

११. मग २०१९-२० मध्ये ती एकदम मंद झाली होती ते काय होतं?

धूळ. नोव्हेंबर २०१९ ते फेब्रुवारी २०२० या काळात आर्द्रा नुसत्या डोळ्यांना कळण्याइतकी उतरली. आमच्या त्या वर्षीच्या हुरडा कार्यक्रमात तर ती रोहिणीपेक्षाही फिकी दिसत होती. तिनं स्वतःच्या अंगावरून मालाचा एक मोठा लोळ फेकला, तो गार होऊन त्याची धूळ झाली आणि नेमकी आपल्या बाजूला आली. तसा तिचा उजेड एरवीही सुमारे ४०० दिवसांच्या चक्रात कमीजास्त होतोच. म्हाताऱ्या तांबड्या ताऱ्यांचं श्वास घेणं समजा.

१२. फुटली तर आपल्याला काही धोका?

नाही. अतिनवताऱ्यानं पृथ्वीला इजा व्हायची तर तो काही दहा प्रकाशवर्षांच्या आत हवा. आर्द्रा ५५० ते ७०० प्रकाशवर्षं दूर आहे. अर्ध्या चंद्राएवढा उजेड एका ठिपक्यात एकवटलेला दिसेल, दिवसाही. रात्री शेतात त्याच्या उजेडात सावली पडेल. तीन-एक महिने असं राहील, मग उतरणी. निकेलचं कोबाल्ट आणि कोबाल्टचं लोखंड होताना जी धग निघते तिच्यावर तो नंतर मिणमिणत राहील आणि काही वर्षांत डोळ्यांना दिसेनासा होईल.

उजेडाच्या काही तास आधी न्यूट्रिनोंची लाट पोचेल. तुमच्या अंगातून कोट्यवधी कोटी न्यूट्रिनो पार होतील, तुम्हाला पत्ता लागणार नाही. जगभरातल्या न्यूट्रिनो यंत्रांना लागेल. ती एकमेकांना जोडलेली आहेत ती याच कामासाठी.

१३. म्हणजे ती आधीच फुटलेली असेल आणि आपल्याला माहीत नसेल, असंही होऊ शकतं?

होऊ शकतं. आज रात्री तुमच्या डोळ्यांत शिरणारा आर्द्रेचा प्रकाश निघाला तेव्हा दौलताबादवर तुघलकांचा किंवा बहमनींचा अंमल होता. तिच्या अंतराचा आकडा अजून पक्का नसल्यामुळं दोन्ही घराणी सांगावी लागतात. राजन्याचा प्रकाश तर देवगिरीला यादवांची राजधानी व्हायच्याही आधीचा.

पण यावरून "बहुतेक फुटलीच असेल" असं समजू नका. लाख वर्षांच्या शक्यतेत सहा-सातशे वर्षं म्हणजे एक टक्काही नाही. दहाव्या उत्तराचा हिशेब इथंही लागू.

१४. असं फुटताना आधी कुणी पाहिलंय का?

पाहिलंय, तारखेसह. ४ जुलै १०५४ ला चिनी निरीक्षकांनी वृषभाच्या शिंगाजवळ "पाहुणा तारा" नोंदवला. तो तेवीस दिवस भर दिवसा दिसत होता. आपला हा मुलूख तेव्हा कल्याणीच्या चालुक्यांकडं होता, गादीवर पहिला सोमेश्वर. त्या जागी आज खेकड्याच्या नावाचा तेजोमेघ आहे आणि मधोमध सेकंदाला तीस गिरक्या घेणारा न्यूट्रॉन तारा. लहान दुर्बिणीतून धुरकट ठिपका दिसतो. पोरं निराश होतात, मी दर वेळी आधीच सांगून ठेवतो.

१५७२ आणि १६०४ चे प्रसिद्ध अतिनवतारे मात्र या पानावरचे नाहीत. ते श्वेतबटूंच्या स्फोटांतून झालेले, वेगळी जात. शर्मिष्ठा तारकासमूहात दोन्ही जातींचा नमुना आहे. १५७२ चा श्वेतबटूवाला तिथलाच आणि सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातला मोठ्या ताऱ्याचा स्फोटही तिथलाच. हा दुसरा धुळीआड झाला, पृथ्वीवर फारसं कुणाच्या लक्षातही आला नाही.

१६०४ नंतर आपल्या आकाशगंगेत नुसत्या डोळ्यांना ठळक दिसलेला एकही नाही. शतकाला एक-दोन व्हायला पाहिजेत, होतही असतील, पण धूळ लपवते. सगळ्यात जवळचा अलीकडचा म्हणजे फेब्रुवारी १९८७ चा, शेजारच्या मोठ्या मॅगेलॅनिक मेघातला, सुमारे १ लाख ६८ हजार प्रकाशवर्षं दूर. उजेडाच्या दोन-तीन तास आधी जपान, अमेरिका आणि रशियातल्या यंत्रांत मिळून पंचवीसच्या आसपास न्यूट्रिनो सापडले. नवव्या उत्तरातली ढासळणीची गोष्ट खरी आहे याचा तो पहिला थेट पुरावा.

१५. मागं काय उरतं?

बहुधा न्यूट्रॉन तारा. सूर्याहून जास्त वजन, रुंदी वीस-पंचवीस किलोमीटर. छत्रपती संभाजीनगरच्या मधोमध ठेवला तर देवगिरी किल्ल्याच्या अलीकडंच संपेल. त्यातला माल किती घट्ट? जायकवाडीचा नाथसागर काठोकाठ भरला की १०२ टीएमसी पाणी होतं, वजन सुमारे २९० कोटी टन. न्यूट्रॉन ताऱ्यातला एक चमचा साधारण तेवढाच भरतो.

गाभा आणखी भारी असेल, सूर्याच्या दोन-तीन पटींच्या वर गेला, तर न्यूट्रॉनही भार पेलत नाहीत आणि कृष्णविवर होतं. हंसात सूर्याच्या सुमारे एकवीसपट वजनाचं एक आहे. ते दिसत नाही, पण शेजारच्या निळ्या ताऱ्याचा जो माल ते ओढतं तो आत जाताना तापून क्ष-किरण सोडतो.

१६. पुस्तकात कुठं १.४ लिहिलंय, कुठं ८. खरा आकडा कोणता?

दोन्ही खरे, मोजलेली वस्तू वेगळी. दोन्ही आकडे सूर्याच्या पटीत आहेत: ८ हे जन्माच्या वेळचं आख्ख्या ताऱ्याचं वजन, १.४ ही उरलेल्या मेलेल्या गाभ्याची मर्यादा, चंद्रशेखरांची (उत्तर ९). तारा आयुष्यभर अंगावरचा माल वाऱ्यासारखा उधळत असतो, म्हणून सहा सूर्यांचा तारासुद्धा १.४ च्या आतला गाभा ठेवून निवांत मरू शकतो. स्पर्धा परीक्षावाल्यांनी हे एवढं एक पक्कं करावं.

१७. सगळे मोठे तारे आधी लाल होऊनच फुटतात का?

नाही, आणि १९८७ च्या अतिनवताऱ्यानं (उत्तर १४) हे सगळ्यांना शिकवलं. जुने फोटो काढून बघितले तर फुटलेला तारा निळा महाराक्षसी निघाला. पुस्तकं तोपर्यंत तांबडाच फुटतो म्हणत होती. तो पूर्वी जोडीदार ताऱ्याला गिळून बसला असावा, असं आता बरेच जण मानतात.

दुसरा प्रकार वुल्फ-रायेट ताऱ्यांचा, १८६७ साली पॅरिसच्या दोन निरीक्षकांनी ओळखलेला. हे इतके तापलेले की स्वतःच्याच वाऱ्यानं हायड्रोजनचं पांघरूण उडवून देतात आणि आतला उघडा गाभा जळताना दिसतो. कांद्याची वरची सालं सोलून टाकल्यासारखं. असा एक तारा तुम्हाला नुसत्या डोळ्यांनी बघता येतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये अगस्त्य सापडला की त्याच्या डावीकडं थोडा वर, जुन्या नौकेच्या शिडातला ठळक तारा. तिथं एक वुल्फ-रायेट आणि एक भारी निळा तारा एकमेकांभोवती फिरत आहेत. पुण्या-मुंबईपेक्षा आपण दक्षिणेला नाही, पण आपली क्षितिजं त्यांच्यापेक्षा नक्कीच मोकळी आहेत.

तारा जोडीत असेल तर हिशेब अजून बिघडतो. शेजारी माल चोरतो. हलका ताराही चोरून भारी होऊ शकतो.

१८. फुटल्याशिवाय मरणारे, किंवा काहीच मागं न ठेवणारे असतात का?

दोन्ही असतात असं दिसतं. कधी दमलेला धक्का (उत्तर ९) पुन्हा उठतच नाही आणि तारा गुपचूप कृष्णविवरात जातो. एनजीसी ६९४६ या दीर्घिकेतला सुमारे पंचवीस सूर्यांचा एक तारा २००९ मध्ये थोडा उजळला आणि मग दृश्य प्रकाशात नाहीसाच झाला. जेम्स वेब दुर्बिणीला तिथं नंतर अवरक्त चमक दिसली, त्यामुळं त्याच्यावर वाद चालू आहे.

उलट टोकाला, सूर्याच्या सुमारे १४० ते २६० पट आणि जड मूलद्रव्यं कमी असलेले तारे. त्यांच्या गाभ्यातले किरणच कणांच्या जोड्या व्हायला लागतात, दाब अचानक पडतो, ऑक्सिजन एका दमात पेटतो आणि आख्खा तारा उधळतो. ना न्यूट्रॉन तारा, ना कृष्णविवर.

आणि काही मेल्याचं सोंग करतात. इटा करिना १८४३ मध्ये व्याधाच्या खालोखाल तेजस्वी झाला होता, दहा सूर्यांहून जास्त माल टाकला आणि अजून जिवंत आहे. एप्रिल-मेमध्ये तो आपल्याकडून दक्षिण क्षितिजाच्या अगदी जवळ असतो. धुळीतून कधी दिसतो, बहुतेक वेळा नाही.

१९. मंगळसूत्रातलं सोनं ताऱ्याच्या स्फोटातून आलं, खरं का?

अर्धं खरं. तुमच्या श्वासातला ऑक्सिजन बहुतांश मोठ्या ताऱ्यांनी शिजवलेला. रक्तातलं लोखंड काही त्यांचं, बरंचसं श्वेतबटूंच्या स्फोटांचं. सोनं मात्र निदान बऱ्याच प्रमाणात दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळून होतं. १७ ऑगस्ट २०१७ ला अशी टक्कर पकडली गेली, सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांवरची, आणि तिच्या उजेडात जड मूलद्रव्यांच्या खुणा सापडल्या. म्हणजे सोन्यासाठी दोन तारे आधी मरावे लागतात आणि मग त्यांची मढी भिडावी लागतात.

२०. औंढ्याजवळ ते "लायगो" होतंय. त्याचा याच्याशी काय संबंध?

मागच्या प्रश्नातली टक्कर अशाच यंत्रांनी पकडली. मेलेल्या ताऱ्यांच्या जोड्या एकमेकींभोवती फिरत आदळतात तेव्हा अवकाशात लाटा उठतात. १४ सप्टेंबर २०१५ ला पहिल्यांदा अशी लाट नोंदली गेली, सूर्याच्या सुमारे २९ आणि ३६ पट वजनाच्या दोन कृष्णविवरांची. एवढी भारी कृष्णविवरं ताऱ्यांतून होतात हे तोवर फारसं कुणी धरलं नव्हतं.

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारल्या जाणाऱ्या लायगो-इंडियाला एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारनं सुमारे २,६०० कोटींची मंजुरी दिली. काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, त्यांत लेसर. प्रोटॉनच्या रुंदीच्या हजाराव्या भागाहून छोटा फरक मोजायचा. अमेरिकेतल्या दोन आणि युरोपातल्या यंत्रांपासून हे लांब असल्यामुळं लाट आकाशाच्या कोणत्या कोपऱ्यातून आली ते बरंच नेमकं सांगता येईल. तिथं नोकरी लागेल का, हेही विचारलं जातं. त्याचं उत्तर आमच्याकडं नाही, जाहिराती बघत राहा.

२१. सूर्य फुटणार का?

नाही. वजन कमी पडतं. सुमारे ५०० कोटी वर्षांनी फुगेल, मग रोहिणीसारखा (उत्तर ६).

२२. आर्द्रा फुटून गेली तर आर्द्रा नक्षत्र राहणार का? आणि पावसाचं काय?

एका आजोबांनी हा प्रश्न आगटीजवळ बसून, ज्वारीचं कणीस चोळता चोळता विचारला होता, आणि मला वाटतं सगळ्या पानावरचा हा सगळ्यात चांगला प्रश्न आहे. नक्षत्र म्हणजे सूर्याच्या वाटेचा सत्ताविसावा हिस्सा, १३ अंश २० कलांचा. तारा ही त्यावर ठोकलेली खूण. खूण गेली तरी हिस्सा तिथंच राहील, सूर्य २१-२२ जूनला त्यात शिरेल आणि पंचांगात आर्द्रा छापलं जाईल. मृगाचा चौकोन तेवढा तिपायी होईल. आजोबा म्हणाले, "होऊ द्या. पेरणी आम्ही ओल बघूनच करतो."